राबाचा धूर

२० एप्रिल २००८, कोळवण
शूटिंगचा पहिला दिवस — आणि मी खोकून बेजार! लीलाबाई राब भाजत होत्या. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरून पेटवून देतात. धूर असा उठला की निषाद कॅमेऱ्यामागे नाचायचाच बाकी होता. पृथ्वी तापतेय हे लोकांना पटवायचं तर काहीतरी दिसायला हवं, म्हणतो. नंतर लीलाबाईंनी जीपमधून आलेल्या आम्हा चौघांना तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली. मी तीन भाकऱ्या हाणल्या.

१२ ऑक्टोबर
आठवडाभर हिंजवडीत कोड, शनिवार-रविवार ही फिल्म. आज एडिटिंग करताना कारखान्याच्या धुराड्याला लागूनच लीलाबाईंचा राब जोडला. काय जुळलंय! स्वतःवरच खूश.

९ नोव्हेंबर
मूर्ख आहे मी. मोठ्या हौसेने लॅपटॉप घेऊन कोळवणला गेले. पडवीत शेजारच्या बायकाही जमल्या. लीलाबाई पडद्यावर दिसल्या तशा सगळ्या हसल्या. मग फिल्ममधला निषादचा आवाज — हे संकट माणसानेच ओढवलंय. नेमका त्यांच्या चेहऱ्यावर! बायका हसायच्या थांबल्या. लीलाबाईंनी तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. शांतपणे पाहिलं.
"माजा धूर दिसला तुमाला. तुमची जीप कुटं हाय ह्यात?"
मी लॅपटॉप मिटला. चहा तेवढा दिला त्यांनी. लाज वाटली, फार.

१० नोव्हेंबर
निषाद म्हणतो, धूर तो धूर. मी म्हटलं, मग आपला दाखव. त्याने फोन आपटला.

१६ नोव्हेंबर
एकटीच एसटीने गेले. लीलाबाई भात झोडत होत्या. मावशी, चुकलं, तो तुकडा काढून टाकते म्हटलं.
"काडू नगं. हाय ते हाय. पर तुमचं बी घाला."
मग झोडता झोडता पावसाचं सांगत बसल्या. पूर्वी कधी यायचा, आता कसा दडी मारतो, रोपं कशी पिवळी पडतात. आम्ही सहा महिने जे धड सांगू शकलो नाही, ते बाईंनी दोन पेंढ्यांत सांगितलं. आणि कॅमेरा घरी!

७ डिसेंबर
निषाद नमला एकदाचा. पिरंगुटच्या पंपावर आमचीच जीप डिझेल पिताना घेतली. मग माझं ऑफिस — मे महिन्यातही एसीत स्वेटर घालून बसतो आम्ही, ते मी स्वतःच कॅमेऱ्यासमोर सांगितलं. कोळवणला जाऊन पावसाचंही घेतलं. लीलाबाईंनी आधी पदर सारखा केला, मग बोलल्या. आता फिल्म खरी वाटते. मला आवडते.

११ जानेवारी २००९, नांदे
शाळेत पहिला खेळ. लीलाबाई आपणहून आल्या, पुढच्याच बाकावर. फिल्म संपली आणि मागून एक जण उठला — आमची शेतं इमारतींत गेली, आता आमाला काय सांगताय? निषाद माईक धरून घसा खाकरत राहिला. लीलाबाईंनी उठून निषादच्या हातातला माईक घेतला आणि त्याला खुर्ची दाखवली.
"तू बस. ह्यांच्याशी मी बोलते."