माझ्या ड्युरमला तांबेरा होत नाही

९ नोव्हेंबर
ठराव: यंदा चिडचिड करायची नाही. कारणच नाही. चौदा वर्षं खपून काढलेली माझी ड्युरम गव्हाची जात या हंगामात मंजूर होणार. तांबेऱ्याच्या रोगापुढे टिकली की झालं. टिकणारच.
ताईला बियाणं पोचवलं. मंजुरीआधी बाहेर देऊ नये असा नियम आहे, पण तो परक्यांसाठी. भावजी गेल्यापासून शेत ती एकटीच बघते. यंदा पीक हाती लागलं नाही तर जमीन दुसऱ्याला खंडाने कसायला देऊन टाकीन म्हणते. अर्ध्यात जुनाच गहू पेरू का, असं विचारत होती. मी म्हटलं, सख्ख्या भावावर अर्धाच विश्वास? मग सगळीकडे माझाच पेरला. बरं वाटलं.

१८ जानेवारी
चाचणीच्या प्लॉटवर तांबेऱ्याची बुरशी मुद्दाम फवारली. सगळ्या जातींना सारखीच. आता रोज संध्याकाळी स्प्रिंकलर, कारण पान ओलं राहिलं की बुरशी रुजते. माझ्या कोपऱ्यात पाणी जरा जास्तच पडतं असं माझं निरीक्षण. नळीचं तोंड थोडं पलीकडे वळवलं. याला लबाडी म्हणत नाहीत, समतोल म्हणतात.

११ फेब्रुवारी, सकाळी
खालच्या पानांवर नारिंगी ठिपके. धूळ असावी.

दुपारी
बोटाने पुसून पाहिले. धूळच, पण चिवट. ती पानं खुडून खिशात घातली. टापटीप कुठेही चांगलीच.

३ मार्च
आज मार्क द्यायचे होते. किती टक्के झाड रोगाने खाल्लं, ते नजरेने ठरवतात. रोगशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, साठ. मी म्हटलं, डोळ्यावर ऊन येतंय तुमच्या. आपुलकीने चष्म्याचा नंबर तपासायलाही सुचवलं. माझ्या मते पाच. शेवटी मी पंधरा लिहिलं. त्यांनी सही केली नाही. वर स्प्रिंकलर कोणी फिरवला म्हणून चौकशी. मी वाऱ्यावर ढकललं. बाईंना माझं चांगलं बघवत नाही.

२२ मार्च
ताईचा फोन. शेतातून चालून आलं की कपडे गुडघ्यापर्यंत विटकरी होतात म्हणे. साबण बदलून बघ म्हटलं. रात्री मला जेवण गेलं नाही. अॅसिडिटी.

२ एप्रिल
ताईकडे जाऊन आलो. खोडं हात लावला की मोडतात. ओंबी चोळली तर दाणे चिमटलेले, जिऱ्यासारखे. शेजाऱ्याच्या गव्हालाही लागलाय. तो बांधावर उभा होता, मला बघून पाठ फिरवून निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.
मी ताईला म्हटलं, हवा वाईट होती. खत कमी पडलं. पेरणीला उशीर झाला. पेरताना तूच उभा होतास की, असं ती म्हणाली. मी पँटवरची विटकरी धूळ झटकत राहिलो. 
मळणी करणार नाही, उभ्या पिकात नांगर घालणार म्हणते. बायका टोकाचं बोलतात. शांत होईल.

१६ मे
कमिटीची मीटिंग. जात नामंजूर. पण बातमी वाईटच आहे असं नाही. चाचणीच्या प्लॉटभोवती दरवर्षी एखादी हमखास आजारी पडणारी जात पेरावी लागते. तांबेरा आधी तिला धरतो, मग तिच्यावरून वाऱ्याने बाकीच्यांवर पसरतो. मॅडमनीच माझ्या जातीचं नाव सुचवलं. या कामाला हिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही, असं एकमताने ठरलं. माझ्या बाबतीत एकमत पहिल्यांदाच. आता दरवर्षी पेरली जाणार, आणखी काय हवं?
लगेच ताईला फोन केला. जमीन खंडाने दिल्याचं तिने सांगितलं. आधी शेजाऱ्याला विचारलं होतं, तो नको म्हणाला, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी दिली. मी विषय बदलून ही बातमी दिली. पसरवायचं काम म्हणजे नेमकं काय, असं तिने विचारलं. मी अगदी सोपं करून समजावलं.
ती म्हणाली, "म्हणजे यंदा ते काम माझ्या शेताने केलं."
तसं बघायला गेलं तर हो, म्हटलं.
फोन बंद झाला. रेंज गेली असेल म्हणून पुन्हा लावला. मग पुन्हा. रिंग शेवटपर्यंत वाजत होती.