कपाळावरचे तीन टाके

हसायची काही गरज नव्हती, नाना. डॉक्टर हसले, कंपाउंडर हसला, बाकावर खोकत बसलेली म्हातारीसुद्धा हसली, ते मी समजू शकते. पण तुम्ही कशाला हसलात? मी सातवीतली पोर तुमच्या कपाळाला टॉवेल दाबून उभी, टॉवेल लाल झालेला, आणि डॉक्टर सुई हातात घेऊन विचारतायत, "काय नाना, कारभारणीनं हाणलं की काय?" तुम्ही म्हणालात, "हो ना. अर्ध्या किलोचं वजन फेकलं." सगळा दवाखाना खो खो हसला. तुम्ही अक्षरशः खरं सांगितलंत आणि तो दिवसातला सगळ्यात भारी विनोद ठरला. मग तुम्हीही हसलात. तीन टाके पडले आणि मळ्यात परत येईपर्यंत सायकलच्या दांडीवर बसून मी रागारागानं घंटी वाजवत राहिले.

आणि तरी ते दिवस मला आवडायचे. कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. रविवारी सकाळी आई शेवंतीच्या पाट्या घेऊन फुलबाजारात जायची आणि चूल तुमच्या ताब्यात यायची. तुमच्या भाकऱ्या कधीच गोल झाल्या नाहीत. पोकळ्याची भाजी मात्र अशी, की आईसुद्धा दुपारी आल्यावर कढई पुसून खायची. द्राक्षांच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून तुम्ही मला लिहायला टेबल केलंत, पहिल्याच दिवशी बोटात कुसळ घुसलं, तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त कळवळलात. आई मजेत असली की तिच्यासारखं माणूस नाही, हेही खरंच. बाजारातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची तेव्हा आपण दोघं पोट धरून लोळायचो. आणि भाजीत मीठ जास्त पडलं, किंवा फुलं घ्यायला आलेल्या एखाद्या बाईशी तुम्ही दोन शब्द जास्त बोललात, की हातात असेल ते. चिमटा. चप्पल. वजन.

एकदाच तुम्ही तिचं मनगट धरलंत. मारायला नाही, चिमटा थांबवायला. बांगडी फुटली, तिला ओरखडा आला. दुसऱ्या दिवशी देवळ्याहून मामा दोन माणसं घेऊन हजर. "बाईमाणसावर हात टाकता दाजी? काही लाज हाय का नाय?" तुमच्या कानामागे चिमट्याचा चटका लाल दिसत होता. तो कुणी बघितला नाही, तुम्ही दाखवला नाही. "चहा घ्या," म्हणालात. मी आतून बघत होते आणि मला मामांचा राग आला नाही. तुमचा आला.

मग कॉलेज, मग माझी ती एकांकिका. आधी मी जसंच्या तसं लिहिलं होतं, बाई वजन फेकते, नवरा रक्त पुसतो. नाटक बसवणारे सर म्हणाले, "बाईनं मारलं की पब्लिक हसतं. फिरव ना." मी एका संध्याकाळात फिरवलं. आता नवरा फेकायचा, बाई पुसायची. पहिलं बक्षीस. तुम्ही दोघं तिसऱ्या रांगेत. पडदा पडल्यावर बायकांनी आईला गराडाच घातला. "किती सोसलंत हो ताई!" आई पदरानं डोळे पुसत होती, नाही म्हणाली नाही. तुम्ही पेढ्यांचा पुडा घेऊन खांबापाशी उभे, आणि कुणी तुमच्या हातचा पेढा घेईना. शेवटी मीच घेतला. तुम्ही हळूच म्हणालात, "झ्याक झालं. रडले लोक. माझ्यासाठी कोण रडलं असतं?"

तुमच्या दहाव्याला ओट्यावर बायका कुजबुजत होत्या, "सुटली बिचारी एकदाची." माझ्या हातात पत्रावळ्या होत्या. मी पंगतीत त्या मांडत राहिले.

ती एकांकिका आता इथल्या कॉलेजातली पोरं परत बसवतायत. आज वाचन आहे. पिशवीत दोन्ही प्रती आहेत, पण वाचणार मी तुमचीच, आधीची. लोक हसतील. हसू देत. आईला अजून सांगितलेलं नाही. मघाशी दारात येऊन तिनं विचारलं, "काय खरडतेस?" म्हटलं, नानांना पत्र. ती पदराला हात पुसत म्हणाली, "लिही मग, तुमच्यासारखी पोकळ्याची भाजी मला अजून जमत नाही म्हणावं." आणि आत निघून गेली. मी तेही लिहिलं, बघा.

एक राहिलं. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की सरांनी फिरवायला लावलं. सर एकदाच बोलले, तेही चहा पिता पिता. मला तेवढंच हवं होतं. मारणाऱ्या आईची मला कधी लाज वाटली नाही, नाना. मार खाणाऱ्या बापाची वाटायची. रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. हा कागद पॅडमध्येच राहू दे. तुम्ही "असू दे गं" म्हणायच्या आत मी निघते.