वहिनीचं भांडं पेलणारी शेगडी

११ नोव्हेंबर, सोमवार
वहिनीला घेऊन बीडला गेलतो. छातीचा फोटो काढला. डॉक्टर तो उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिले. मग विचारतात, "बाई, विडी ओढता का?" वहिनी खुर्चीवरून उठलीच. "माझ्या सात पिढ्यांत कुणी..." हाताला धरून खाली बसवलं. विडी नाही, चूल. दादाशी लग्न झाल्यापासून तीस वर्षं मेंढरांमागं, उघड्यावर तीन दगड मांडून, ओल्या सरपणावर, कापसाच्या पऱ्हाट्यांवर. डॉक्टर म्हणाले, गोळ्या-फवारा देतो, पण आधी धूर बंद. दोन महिन्यांनी परत फोटो काढू.
येताना एसटीत म्हटलं, वहिनी, आता पाटोद्याला आमच्याकडंच राहा. दादा बघील मेंढरांचं.
"आन् मी तुमच्या वट्ट्यावर बसून काय करू, भाऊजी? येणारी-जाणारी मानसं मोजू?"
खोकत खोकतच म्हणाली. मग माझ्याच तोंडून गेलं, धूर न करणारं काहीतरी मेंढरांच्या तळावर आणून देतो. पंधरा दिवसांत.
कशाला बोललो.

१४ नोव्हेंबर
शाळा सुटल्यापासून मोबाईलवर शेगड्याच शेगड्या. तिथं त्यांना पोर्टेबल ग्रिल म्हणायचं. घडीची, गोल, सुटकेससारखी, गॅसची, कोळशाची, तीन पायांची, बिनपायांची. एकीखाली कुणी लिहितो, इतकी चांगली वस्तू जन्मात घेतली नाही. लगेच त्याच्याखाली दुसरा, पहिल्याच दिवशी पाय वाकला. कुणाचं खरं धरायचं?
सगळ्या फोटोंत हिरवळ, खुर्च्या, हसणारी माणसं. एकाही फोटोत बिऱ्हाड लादलेलं घोडं नाही.

१५ नोव्हेंबर
सानप सरांना विचारलं ही चूक. आमच्याच शाळेत गणित शिकवतात, आणि दोन किल्ले चढल्यापासून स्वतःला ट्रेकर समजतात. मधल्या सुट्टीत आधी म्हणाले जाड पत्र्याचं घ्या. सुट्टी संपताना म्हणाले हलकं घ्या. शेवटच्या तासाला दारात येऊन, "सर, झाकणाचं बघा."
वहिनीच्या ओतीव लोखंडाच्या, बिडाच्या भांड्याचं सांगितलं. बुडाला जाड, झाकण खोलगट, त्या झाकणावर निखारे ठेवायचे म्हणजे खालून-वरून भाजतं. तर हे उडालेच. "अहो सर, त्याला डच ओव्हन म्हणतात!" लगेच व्हिडिओ. एक गोरा माणूस जंगलात बसून झाकणावर निखारे रचतोय आणि काही शोध लावल्यासारखा बोलतोय. आमची वहिनी त्याच भांड्यात कणकेचे रोडगे लावून कोकरं पाजायला जाते, परत येते तोवर झालेले असतात.

१७ नोव्हेंबर, रविवार
बायको, सुनीता, चार दिवस माझं मोबाईल बघणं बघत होती. आज पोळी लाटता लाटता म्हणाली, "त्या बाईला विचारलंत का, तिला कसली पाहिजे?"
नव्हतं विचारलं.
फोन लावला. वहिनीनं दम घेत घेत सांगितलं. घोड्यावर गेली पाहिजे, वळकटीच्या वर. वाऱ्यानं विझायला नको. भांडं कलंडायला नको, ते भरलं की एका हातानं उचलत नाही. आणि सकाळी उन्हं यायच्या आत निघावं लागतं, तेव्हा पटकन रिकामी झाली पाहिजे. "गरम राख घोड्यावर कशी घालू?" हे एवढं मोबाईलवरच्या त्या सगळ्या लोकांनी मिळूनसुद्धा लिहिलेलं नाही.
मागून दादाचा आवाज. "कशाला तरास घेतूस रं? जल्म गेला तीन दगडावर."
जन्म गेला हेच तर डॉक्टर म्हणतायत. पण हे त्याला सांगणार कोण.

२६ नोव्हेंबर
मागवलेली घडीची शेगडी आली. खोक्यावर लिहिलंय, मजबूत. वहिनीच्या भांड्याएवढं वजन म्हणून स्वयंपाकघरातला पाटा आणून ठेवला. आधी काही झालं नाही. मी सुनीताला हाक मारली, बघ म्हणून. ती दारात आली आणि एक पाय हळूच आत मुडपला. पाटा अंगणात. फरशीचा टवका उडाला. पाटा शाबूत आहे, सुनीता नाही.

२८ नोव्हेंबर
शेगडी परत घेत नाहीत. वापरलेली वस्तू म्हणे. मी त्या फोनवरच्या मुलीला समजावतोय की पेटवलेलीच नाही, नुसता पाटा ठेवला होता. ती विचारते, "सर, पाटा म्हणजे?"
बसलो मग पाटा म्हणजे काय ते सांगत.

१ डिसेंबर, रविवार
काल बीडहून गॅसची आणली. दुकानदार म्हणाला साखर कारखान्याच्या लोकांना भरपूर दिल्या, एक तक्रार नाही. आज ती घेऊन तळावर. मेंढरं सध्या चौसाळ्याच्या अलीकडं, एका शेतकऱ्यानं खतासाठी रानात बसवून घेतलीत.
वहिनीनं पदर खोचून, अगदी मनापासून करून बघितलं. माळावरचा वारा. पेटली, विझली. पेटली, विझली. मी सतरंजीचा आडोसा धरून उभा. सतरंजी पेटायची राहिली. शेवटी भात कसाबसा झाला. मग वहिनीनं ते बिडाचं भांडं ठेवलं, झाकण लावलं, आणि हातात चिमटा घेऊन माझ्याकडं बघत राहिली.
"भाऊजी, वर ठिवायला निखारं?"
गॅसला निखारे कुठून येणार. ही गोष्ट मला वीस दिवसांत एकदाही सुचली नाही. दोन विषयांत एम.ए.
दादा घोड्याला टेकून हसत होता. त्या हसण्यानं डोकं फिरलं. म्हटलं, हसतो कशाला, बायको खोकून मरायला लागली तरी तुला काही नाही. हसायचा थांबला. "तू सा महिन्यातनं एकदा येतूस. रातभर तिची पाठ कोन चोळतं, तुला काय म्हाईत?"
गॅसची परत आणली. मोटारसायकलवर मागं बांधलेली, वाटभर खडखड.

४ डिसेंबर
दादाचं बोलणं डोक्यातून जात नाही. खरं असेल. चोळत असेलही. पण चोळायची वेळ येऊ नये म्हणून काय करतो? हे तिथं सुचलं नाही. मला भांडणातलं उत्तर कायम तीन दिवसांनी सुचतं.

१२ डिसेंबर
तिसरी. आता सानप सर नाहीत, फोटो नाहीत, हिरवळ नाही. वहिनीनं सांगितलेलं कागदावर लिहून काढलं आणि एकेक खोडत गेलो. जाड लोखंडाची, बसकी, बादलीसारखी, कोळशाची. आखूड तीन पाय. वर जाळी. खाली हवेला झडप आणि राखेचा खण, ओढला की रिकामा. वर कडी, म्हणजे घोड्यावर अडकवता येते. पाटा ठेवला. सुनीता लांब उभी राहून बघत होती. हलली नाही. (शेगडी.)
कोळसा चौसाळ्याच्या इस्त्रीवाल्याकडं मिळतो.

१५ डिसेंबर, रविवार
जमलं!
धूर पहिली दहा-पंधरा मिनिटं, नंतर नुसती लाल धग. वाऱ्यानं उलट चांगली फुलते. भांडं बसलं ते घरच्यासारखं. त्यातलेच निखारे चिमट्यानं झाकणावर. रोडगे असे फुटले, तूप ओतलं की आत जात होतं. वहिनी म्हणाली, "ही लई झ्याक हाय. पर ही शेगडीच की वो. तुमी काय ते दुसरंच नाव घेत व्हता."
दादानं चार रोडगे खाल्ले. मी मोजत होतो. चार खाल्ले.
परत येताना गाणं म्हणत आलो, घाटात.

२२ डिसेंबर
फोन केला. खोकला कसाय? "हाय तसाच." शेगडी? "हाय की." आवाज बरोबर वाटला नाही.

२९ डिसेंबर, रविवार
न सांगता गेलो. लांबूनच धूर दिसला. तीन दगड, पऱ्हाट्या, वहिनी वाकून फुंकतेय. शेगडी घोड्याच्या खोगिराला लटकवलेली, घासूनपुसून लख्ख. इतका संताप आला की मोटारसायकल स्टँडवर लावायची राहिली, पडली.
वहिनीनंच सांगितलं. कोळसा फुलायला अर्धा तास लागतो. दिवसभर चालून आलेला माणूस अर्धा तास थांबत नाही. आल्या आल्या ताट पाहिजे. मग घाईनं आपली चूल.
मी दादाकडं वळलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. तो म्हणाला, मेंढरं इकून टाकतो, बस मंग तुझ्या वट्ट्यावर समदे. मी म्हटलं, टाक. वहिनीचा चेहरा पांढरा पडला. मेंढरांना ती नावानं हाका मारते.
आणि मग तीच उठली. मला वाटलं, रडणार.
"थांबा भाऊजी. तुमी तीन शेगड्या घेतल्या, लई उपकार झाले. पर तुमी इचारलं न्हाई आन् ह्यांनीबी इचारलं न्हाई, पेटवायची कुनी?"
"मी आजपासून इस्तवापाशी बसनार न्हाई. डागदरनं सांगितलंय." काठी घेतली आणि कोकरांच्या जाळीकडं निघून गेली. चूल तशीच धुपत राहिली. दादा उभा, मी उभा. मी तांब्याभर पाणी ओतून विझवली. येताना चौसाळ्याच्या स्टँडवर केळी खाल्ली.

२ जानेवारी
वहिनीनं शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाईचा फोन घेऊन केला. चार दिवस विस्तवापाशी गेलेली नाही. शेजारची तिला भाकरी देते. दादाला नाही देत, वहिनीनंच बजावलंय. तो सडकेवरच्या हॉटेलात भजी खातो आणि दूध पिऊन झोपतो. बोलत नाही.
म्हटलं, वहिनी, फार ताणू नका.
"मी कुटं ताणते? मी निवांत बसलेय."
सुनीताला सांगितलं तर ती इतकी खूष झाली की संध्याकाळी तिनंही मला कुकर लावायला सांगितला. शेगडी घेतली कुणासाठी आणि चटका कुणाला.

६ जानेवारी
दादा फोन उचलत नाही. मेंढरं खरंच विकायला काढली तर? परळीकडचा एक व्यापारी रानात फिरतोय असं ऐकलं. माझ्या 'टाक' म्हणण्यावर विकली तर वहिनी मला कधी... नाही, विकणार नाही. नाही.
वर्गात दोनदा तोच धडा घेतला. पोरांनी सांगितलं.

१० जानेवारी
संध्याकाळी दादाचा फोन. त्यानं आपणहून मला फोन केल्याचं आठवत नाही. बाप गेला तेव्हासुद्धा दुसऱ्याकडून निरोप आला होता.
मला वाटलं, विकली.
"बाळ्या," अगदी हळू आवाज, कुणी ऐकू नये असा. "ती खालची झडप हाय न्हवं. ती उघडी ठिवायची का झाकायची?"
आधी समजलंच नाही. मग म्हटलं, पेटेपर्यंत उघडी ठेव, फुलला की अर्धी झाक.
"आन् भांडं कवा ठिवायचं?"
लाल झाल्यावर. आधी ठेवलंस तर धुरकट वास लागतो.
"कालचं लागलं धुरकट," म्हणाला. "तिनं खाल्लं तसंच."
लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. मग शिवी. चिमट्यातून निखारा पडला असणार, पायावर की शेगडीवर कुणास ठाऊक.
म्हटलं, उद्या दोन महिने होतात, फोटो काढायला बीडला न्यायचंय, मी सकाळी येतो. खोकला कमी आहे का?
"ते तिलाच इचार."
मग दे तिला फोन.
"ती कुटं हाय हितं? मेंढरामागं गेलीय, वड्याच्या पल्याड. दिस बुडल्यावर यील." मग, "तवर हुतंय का रं हे?"
होतंय, म्हटलं.