बावीस पॉइंट चार

गुरुवार, संध्याकाळ

काही झालं नाही, हे आधी लिहून ठेवतो.

ऑफिसात सुहास माझ्या गाडीवरून रोज डिवचतो, स्पोर्टी पण आणि हायब्रिड पण, म्हणजे धड एकही नाही. म्हणून आज चांदणी चौकाच्या चढावर स्पोर्ट मोड लावला. गाडी अशी सुटली की पुढची बस बघता बघता मागे पडली. पण ॲव्हरेज एकविसावर आलं. मग घरापर्यंत हलक्या पायाने चालवत ते परत वर चढवलं. सोसायटीच्या गेटातून आत शिरताना गाडी बॅटरीवर होती, कसलाच आवाज नाही, आणि माझे डोळे स्क्रीनवर. बावीस पॉइंट तीनचे चार होतात का, एवढंच बघत होतो.

झाले. मान वर केली तर समोर तळमजल्यावरचे लेले काका, पाठमोरे. हात मागे बांधलेले, हातात गुंडाळलेला पेपर. ब्रेक दाबला तेव्हा तो पेपर आणि बॉनेट यांच्यात वीतभर अंतर असेल. वीतभर तरी होतं का? डोळे मिटले की तो पेपरच दिसतो.

काका वळले. त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठीच थांबलोय.

"हॉर्न न वाजवता थांबलास. पुण्यात नवीन आहेस का?" मग गाडीवरून नजर फिरवत म्हणाले, "ॲव्हरेज किती देते?"

खरं काय झालं ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "बावीस पॉइंट चार."