कूलरच्या स्टँडवरची गिटार

अखिल-आगार-यंत्रशाळा-भूषण, षट्तंत्री-धुरंधर, ग्रीस-चर्चित-करकमल, विवाहमंडप-दिग्विजयी, कर्णकर्कश-ध्वनिवर्धक-मर्दन, अर्धपक्व-शिष्य-ताडन-तत्पर, प्रातःस्मरणीय आणि चहाच्या वेळी अधिकच स्मरणीय अशा आपल्या चरणी, आपल्या एकुलत्या एक शिष्याचा साष्टांग प्रणिपात. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे तूर्त त्यातली दोन अंगे वजा धरावीत.

मास्तर, मी संतप्त आहे. आपण जाऊन एकवीस वर्षे झाली, परंतु माझा संताप अवघा चार महिन्यांचा आहे आणि तान्ह्या मुलासारखा वाढतो आहे. चार महिन्यांपूर्वी आपल्या पत्नी, ज्यांना मी तेव्हाही माय म्हणत असे आणि आजही म्हणतो, उमरखेडला लेकीकडे राहायला निघाल्या आणि जाताना आपली हवाइयन गिटार जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या घरी घेऊन आल्या. "जयंतीले विहारात पहिली धून इच्यावरच वाजली पाह्यजे, बापू. मी आयकाले येतो," असे म्हणाल्या. मग दारात थांबून म्हणाल्या, "भुईवर ठेवू नको. भितीले टेकवू नको. एक डाव पडली तेवढं पुरे हाय." हे शेवटचे वाक्य त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या की स्वतःच्या चपलांकडे, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

आता हे वाद्य मांडीवर आडवे घेऊन, तारांवरून लोखंडी दांडी सरकवत वाजवायचे. म्हणजे त्याचा निसर्गनिर्मित आधार मांडी. माझे गुडघे दुमडत नाहीत, आणि खुर्चीवर बसावे तर उदराने मांडीच्या क्षेत्रफळावर असे काही अतिक्रमण केले आहे की तिथे बासरीदेखील सुखाने नांदणार नाही. सबब स्टँड हवा. ही काय आकाशकुसुमाची मागणी झाली? पण शहरातल्या वाद्यांच्या दुकानात मला जो स्टँड दाखवण्यात आला तो उभ्या गिटारीचा. विक्रेत्याने आपली गिटार उलटीसुलटी पाहिली आणि निदान केले, "सर, इले कंबरच नाही. पकडणार कुठून?" तरी त्याने ती त्यात उभी केलीच. ती सरळ खाली निसटली. तिला मी अधांतरी झेलले, आणि त्या क्षणी माझ्या मुखातून जे शब्द बाहेर पडले ते कोणत्याही संस्कृत शिक्षकाला शोभणारे नव्हते.

मग लोहारा गावच्या औद्योगिक वसाहतीत एका वेल्डरला गाठले. चौकटींच्या कागदावर आकृती काढून दिली, लांबी, रुंदी, उंची लिहिली, वर 'तंत्रीवाद्याधार' असे सुवाच्य शीर्षकही दिले. तीच बहुधा चूक झाली. उन्हाळा तोंडावर आलेला, आणि या दिवसांत आपल्या जिल्ह्यातला वेल्डर डोळे मिटूनही एकच वस्तू बनवतो. आठ दिवसांनी गेलो तर समोर कूलरचा स्टँड. हिरवा रंग, चार चाके, पाणी सांडू नये म्हणून चहूबाजूंनी उभी पट्टी.

"हा कूलरचा आहे," मी म्हणालो.

"सर, भरल्या टाकीचा कूलर ठेवा, हालला तर नाव बदलतो."

"माझ्या गिटारीत पाणी भरायचे नाही."

"मंग त काही टेन्शनच नाही ना!"

या युक्तिवादाला न्यायशास्त्रात उत्तर असल्यास मला ते ठाऊक नाही. स्टँड घरी आणला. त्यावर गिटार ठेवण्याआधी घोंगडीची घडी अंथरायची होती, म्हणून पत्नीला म्हणालो, "क्षणभर ही मांडीवर धर." तिने धरली. मला घोंगडी सापडेना. दहा मिनिटांनी आतून गर्जना झाली, "अवो, मी काय तुमचा स्टँड हाव काय?"

मास्तर, मी घोंगडी हातात घेऊन तिथेच थबकलो. कारण त्या दहा मिनिटांत मी जो प्रश्न स्वतःला विचारत होतो, की आपण आयुष्यभर ही वस्तू ठेवीत तरी कुठे होता, त्याचे उत्तर मला मिळाले होते.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा आहे, शाळेत नुकताच रुजू झालो आहे. रविवारची दुपार, आपले स्वयंपाकघर, कारण घरातला एकमेव पंखा तिथेच. आपण ज्या एस.टी. आगारात मेकॅनिक, तिथल्या बसच्या इंजिनातली टाकाऊ पिस्टन-पिन घासून केलेली दांडी आपण तारांवरून काढून घेता, चहा ठेवायला उठता आणि गिटार माझ्या मांडीवर देता. "धर. वाजवू नको. नुसती धर." मी विचारतो, "किती वेळ, मास्तर?" आपण म्हणता, "चाय होईस्तोर." आणि आपला चहा तर इंजिन ऑइलचा वर्ण प्राप्त झाल्याखेरीज होत नसे! अडीच वर्षे मी याला साधना समजलो. गुरू मला वाद्याचे भारग्रहण शिकवीत आहेत, असे मित्रांना अभिमानाने सांगितले. मास्तर, मी स्टँड होतो! पदवीधर, संस्कृतज्ञ, शासनमान्य स्टँड!

आणि स्टँड म्हणूनही अनुत्तीर्ण. एका रविवारी माय घरी नव्हत्या, दूध संपले होते, आपण आणायला गेलात. पाच मिनिटे धरली, पंधरा धरली, पायाला मुंग्या आल्या. गिटार भिंतीला टेकवून उठलो. ती घसरताना आवाज झाला नाही. फरशीवर आपटल्यावर सहाही तारा एकदम बोलल्या. तारांना उचलून धरणारी डोक्याकडची पट्टी मधोमध चिरली होती. आपण दारात आलात आणि मी म्हणालो, "शेजारची बकरी घुसली."

"दार त मी ओढून गेलतो."

"तिने ढकलले."

आपण पट्टीवरून अंगठा फिरवला. "हुशार हाय बकरी," एवढेच म्हणालात आणि चहा ठेवलात.

पुढच्या रविवारी नवी पट्टी बसलेली होती, आगारातल्या भंगार ॲल्युमिनियमची, कानशीने घासलेली. आपण चहाला उठलात तेव्हा मी लाजेने मागे सरकलो. आपण गिटार माझ्याच मांडीवर दिलीत. "घे. अन् ती बकरी भेटली त तिले सांग, पाय भरून आला त मले आवाज देत जा म्हणा. मी चाय सोडून येतो."

हा माझा मूळ संताप आहे, मास्तर. शिष्य-ताडन-तत्पर ही पदवी मी आपणांस उगाच दिलेली नाही. सूर चुकला की पाठीत बुक्की बसत असे. मग त्याच दिवशी का नाही बसली? एक थप्पड देऊन प्रकरण मिटवायचे सोडून आपण मला सवलत दिलीत, आणि अठ्ठावीस वर्षे ती शिक्षा मी अभुक्त अवस्थेत वागवतो आहे. याला काय गुरूचे वर्तन म्हणायचे?

परवा जयंती. माय काल आल्या, आमच्याकडेच उतरल्या आहेत. स्टँड पाहून म्हणाल्या, "कूलर कुठी गेला?" मी उभ्याने वाजवून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले, आणि मी पाणी प्यायला निघालो तेव्हा न विचारता आपली मांडी पुढे केली. मी गिटार त्यांच्याकडे दिली. बकरी नव्हती, हे सांगायला तोंड उघडले आणि "चहा घेणार का?" असे विचारले.

म्हणून इथे लिहितो: बकरी नव्हती. हे पत्र अर्थात कुठेही जाणार नाही. त्याचे पहिले, पदव्यांचे पान आत्ताच उपयोगात आले आहे. स्टँडचे एक चाक जमिनीला टेकत नाही. वेल्डर म्हणतो फरशी वाकडी, फरशीवाला म्हणतो चाक आखूड. चाकाखाली सारताना पानाच्या चार घड्या घातल्या तर स्टँड डुगडुगतो आणि आठ घातल्या तर पलीकडचे चाक उचलते.