सागाच्या वाळल्या पानांची टोपली

मी, नानाजी सोमाजी गुरनुले, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कानाच्या मशीन बसवणे व दुरुस्त करणे, राहणार सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो आहे. बुद्धी जाग्यावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणू शकणारी एकच बाई होती, ती गेली. माझ्या फुप्फुसात गाठ आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी फार गोड बोलून जे सांगितलं त्याचा अर्थ एवढाच, की येत्या चैत्रातली मोहाची फुलं मी पाहीन याचा भरवसा नाही. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्र दोन पानांत होते. त्यांचं होत असेल.

कलम १. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात लिहिलं होतं की माझा मुलगा प्रफुल याला माझ्या घरातला खिळासुद्धा मिळू नये आणि त्याने माझ्या चितेला हात लावू नये. रागात लिहिलं होतं आणि मनापासून लिहिलं होतं. आता ते धरू नये. काऊन, ते पुढे येईल.

कलम २. बसस्टँडमागचं राहतं घर आणि धानाचं वावर माझी मुलगी पुनम हिला द्यावं. ती मूल गावच्या शाळेत शिकवते, दर शनिवारी येऊन माझ्या शिव्या खाते आणि भांडी घासून जाते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. वावराचा धुरा, म्हणजे बांध, चुलतभाऊ इसरू दर नांगरणीला थोडा थोडा खातो. पुनम, त्याच्याशी भांडू नको. फक्त पेरणीच्या दिवशी धुऱ्यावर जाऊन उभी राहा आणि काका, चहा घेता काय म्हणून विचार. त्याला लाज आहे, पण ती समोर माणूस असल्याशिवाय निघत नाही.

कलम ३. बँकेत जे असेल ते पुनमचंच. त्यातून जंगलकाठच्या गावांतल्या माझ्या जुन्या गिऱ्हाइकांना मशीनचे सेल मिळत राहतील एवढं तिने पाहावं. शिबिरात मशीन फुकट मिळते, पेपरात फोटो येतो, आणि मग सेल संपला की ती मशीन देवाच्या पाटावर जाऊन बसते.

कलम ४. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. सोल्डरिंगची पेन्सिल, कानाचे साचे घासायची कानस, पावसाळ्यात ओली मशीन सुकवायचा भाजल्या तांदळाचा डबा, ही सगळी हत्यारं दुकानासोबत राहावीत. एक बांबूची टोपलीही आहे. सागाच्या वाळल्या पानांची. ती कचरा म्हणून फेकू नये.

टोपलीचं सांगतो. मशीन कानात बसवली की कॉम्प्युटरला जोडून तिची सेटिंग करावी लागते: कोणता आवाज वाढवायचा, कोणता दाबायचा. शहरातला मशीनवाला गिऱ्हाइकाशी बोलतो, ऐकू आलं काय विचारतो, झालं. माझं गिऱ्हाईक मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जाणारं. त्याला नुसता माणूस ऐकू येऊन भागत नाही, पाल्यावरून येणारं जनावरही ऐकू यावं लागतं. म्हणून मी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवायचो आणि पाठीमागे जाऊन टोपलीतली पानं हाताने हळूच चुरायचो. त्याने वळून पाहिलं तर मशीन लागली. नाही वळला तर पुन्हा कॉम्प्युटर. जंगलकाठची माझी जुनी गिऱ्हाईक बुधरी मडावी पहिल्यांदा वळली तेव्हा घाबरून म्हणाली, "भाऊ, अस्वल आलं काय दुकानात!"

माझी बायको इंदू चाळिशीत बहिरी होऊ लागली. तिची मशीनही मी अशीच लावली. ती कुरकुर करायची. "तुमच्या मशीनमंधी जंगल लय आयकू येते जी, मानसं नाई आयकू येत." मी हसायचो. ही थट्टा आहे असं मी समजत होतो.

कलम ५. जुना कॉम्प्युटर. हा नागपूरच्या एका दवाखान्याने भंगारात काढला, मी आणला. रंग दातांसारखा पिवळा पडला आहे. त्यात विंडोज एक्सपी आहे आणि मशीनच्या सेटिंगचा जुना प्रोग्राम आहे. कंपनीने ती मशीनही बंद केली आणि प्रोग्रामही. नव्या विंडोजवर तो चालत नाही, आणि कॉम्प्युटर आणि मशीन यांच्यामधला नऊ पिनांचा डबा नवा कॉम्प्युटर ओळखत नाही. कंपनीचा नवा प्रोग्राम आहे, पण तो जुन्या मशीनला दारातूनच परत पाठवतो. आणि ज्यांना आत घेतो त्यांची सेटिंग आपल्या मनाने करतो: बोलणं पुढे, बाकी सगळा गोंगाट. वाळला पाला वाजला की त्याच्या मते तो गोंगाट. तो दाबून टाकतो.

म्हणून माझा नियम होता. याला इंटरनेट लावायचं नाही. अपडेट करा म्हणणाऱ्याला चहा पाजायचा आणि वाटेला लावायचं.

कलम ६. हे कलम वकीलसाहेबांनी गाळा म्हटलं. गाळणार नाही.

प्रफुल हैदराबादेत कॉम्प्युटरचंच काम करतो. चार वर्षांमागच्या दिवाळीत तो आला, तेव्हा मी आलापल्लीला शिबिरात होतो. बापाला खूश करावं म्हणून पोराने दुकानाच्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज टाकली, नवा डबा, नवा प्रोग्राम. मी परत आलो तर दुकानात बुधरी रडत बसलेली, तिची मशीन कॉम्प्युटर घेईना. मी त्याला काय काय बोललो ते शेजारच्या गिरजाबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. जुनी डिस्क जपून ठेवली होती म्हणून वाचलो. सगळं होतं तसं केलं. पोरगा दुसऱ्या दिवशी फराळ न करता गेला.

मला वाटलं, सगळं होतं तसं झालं.

त्यानंतरच्या चैत्रात इंदू बुधरीच्या गावाला मोह वेचायला गेली. घरात कमी होतं म्हणून नाही; मोहाच्या दिवसांत तिचा पाय घरात ठरत नसे. तिकडे बाया आपापलं झाड वाटून घेतात, झाडाखालचा पाला झाडून जागा साफ करतात आणि वाकून वेचतात. मध्ये मध्ये एकीने हाक द्यायची, दुसरीने ओ द्यायची. ओ आली म्हणजे सोबतीण आहे. त्या सकाळी बुधरीने हाक दिली, इंदूने ओ दिली. पुढच्या हाकेला ओ आली नाही.

वाघ होता.

वनखात्याच्या माणसांनी तिच्या बांगड्या आणि मशीन एका पिशवीत आणून दिली. मला दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून मी ती मशीन कॉम्प्युटरला जोडली. जुन्या प्रोग्रामला तिच्यातली सेटिंग नीट वाचता येईना, पण एवढं दिसलं की ती माझी नव्हती. दिवाळीच्या तारखेची होती. इंदूची मशीन सगळ्यांत नवी, तेवढी एकच त्या नव्या प्रोग्रामला चालली होती. मी मशीनला तपासणीची नळी जोडून ती माझ्या कानाला लावली आणि टोपलीत हात घातला. पानं चुरली. काही नाही. मूठभर पानांचा भुगा केला. काही नाही.

तेरवीच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, मी प्रफुलला म्हटलं, "तूच मारलं तुझ्या मायले."

त्याने मान खाली घातली. बुधरीचा नवरा सुकलू, ज्याचा जन्म जंगलात गेला, तो माझा हात धरून म्हणाला, "नानाजीभाऊ, वाघाचा पाय वाजत नाई. माहे कान चांगले आहेत, मले बी नाई आयकू येत." मी त्यालाही झिडकारलं. वाघ वाजत नसेल. डुक्कर वाजतं, अस्वल वाजतं, वानर ओरडतं. काहीतरी तिला ऐकू आलंच असतं. असं मला वाटलं. अजून अर्धं वाटतं.

कलम ७. पुढच्या वर्षी प्रफुलने पुनमच्या हाती एक लॅपटॉप पाठवला. म्हणे, यात नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर बसवला आहे. मी तो न उघडता कपाटात टाकला. पोटात काय असतं ते मला दाखवू नका, म्हटलं.

गेल्या महिन्यात माझा पिवळा कॉम्प्युटर बंद पडला. आतली पाटी जळली. तसा पार्ट आता नागपुरातही मिळत नाही. त्याच आठवड्यात बुधरी मशीन घेऊन आली. मी म्हटलं, बुधरी, संपलं आता, हा कॉम्प्युटर मेला आणि मीही त्याच रांगेत आहे. प्रफुलने नवं नवं करून घर बुडवलं, हेही म्हटलं. सवयीने म्हटलं.

बुधरीने मशीन पदरात गुंडाळली. मग म्हणाली, "भाऊ, इंदूताईनं मले कोनाले सांगू नको म्हटलं व्हतं. पन आता तुमी बी चालले. प्रफुलनं आपल्या मनानं नाई केलं जी. ताईनंच त्याले म्हटलं. तुहा फोन येते, मले तुहा आवाज नाई समजत, नुसतं खरखर येते. एवढं करून दे, बाबाले सांगू नको, त्याले राग येते."

मी विचारलं, मग तो तेरवीला बोलला काऊन नाही?

"मायनं सांगू नको म्हटलं व्हतं नं," बुधरी म्हणाली. "त्या सकाळी मोहाखाली बी तेच सांगून राह्यली व्हती मले. प्रफुलचा फोन आल्ता म्हने, सारं समजलं म्हने. लय खूश व्हती."

शनिवारी पुनमने कपाटातून लॅपटॉप काढला. काळ्या पडद्यात एक खिडकी उघडली आणि त्या खिडकीत माझा एक्सपी, तसाच हिरव्या टेकडीचा, आणि त्यात माझा जुना प्रोग्राम. डब्याची वायरही पोराने बदलून जोडली होती. बुधरीला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मी पानं चुरली. बुधरी वळली.

तर आता मी लिहून देतो: दुकान, हत्यारं, लॅपटॉप, नऊ पिनांचा डबा आणि टोपली प्रफुलची. नव्याच्या पोटात जुनं कसं जिवंत ठेवायचं ते या घरात त्यालाच येतं. त्याने हैदराबाद सोडावं असं मी म्हणत नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि मोहाआधी, येऊन दुकान उघडावं. टोपलीतली पानं दरसाल बदलावी, जुन्या पानांना ओल धरते. आणि सेटिंग करताना पानं चुरण्याआधी प्रत्येकाला विचारावं, की बाई, तुला कोणाचा आवाज ऐकायचा आहे? हे मी कधी विचारलं नाही.

चितेला अग्नी त्यानेच द्यावा.

कलम ८. इंदूची मशीन. तिची सेटिंग मी बदललेली नाही. परवा पुनमला म्हटलं, प्रफुलला फोन लाव, स्पीकरवर ठेव, मी आहे म्हणून सांगू नको. ती मशीन फोनजवळ धरली आणि नळी माझ्या कानाला लावली. पानं नव्हती, रस्ता नव्हता, पंखा नव्हता. फक्त तो. त्याच्या श्वासासकट. इंदूला येत होता तसा. जेवली काय, शाळा कशी आहे, असं विचारत होता. मग थांबला आणि म्हणाला, "बाबा आहेत काय तिथी? बाबा?"

मी नळी कानाला तशीच धरून बसलो. पुनमने फोन ठेवला.

ही मशीन प्रफुलला द्यावी, आणि हे कलम पुनमने त्याला मोठ्याने वाचून दाखवावं. प्रफुल, तू हाक दिली होती. मला ऐकू आली होती. ओ.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि खालच्या दोघांसमोर सही केली. बुधरी व सुकलू यांना साक्षीदार घेतलं नाही, कारण सेल त्यांनाही मिळायचे आहेत आणि वकीलसाहेबांना त्यात खोट दिसते.

सही: नानाजी सोमाजी गुरनुले

साक्षीदार:
१. गिरजाबाई निकुरे, शेजारी, सिंदेवाही (सही)
२. मुखरू सोनुले, चहावाले, बसस्टँड, सिंदेवाही (सही)

ठिकाण: सिंदेवाही
दिनांक: ११ डिसेंबर २०२५