अमीनसाहेब पंच झाले तेव्हा

मास्तरसाहेब,

तुमचं, माझं आणि आपल्या नांदेडच्या सगळ्या खेळगड्यांचं गाऱ्हाणं एकच होतं. निजामाच्या अंमलात चार माणसं कुठे जमली की पोलीस इजाजत विचारायचे. तरीही दर शुक्रवारी, शाळेच्या सुट्टीला, तुम्ही आम्हाला गोदावरीकाठच्या मैदानावर क्रिकेटला जमवत होतात. जमीन काळी, भेगाळलेली, म्हणून वर काथ्याची चटई अंथरायची. उशिरा येईल त्यानं तिचे खिळे ठोकायचे. हिंदू असो की मुसलमान, वकिलाचा असो की विणकराचा, त्यातून सूट कुणालाच नव्हती.

लातूरचा संघ आला त्या शुक्रवारी आसपासच्या गावांतूनही माणसं लोटली. मला त्या गर्दीत फक्त सभा दिसत होती. मी निजामाविरुद्धचं भाषण पाठ करूनच आलो होतो. तेवढ्यात पोलिसांचे अमीन, म्हणजे ठाण्याचे फौजदार, येऊन उभे राहतात. "मास्तर, इतने लोगां जमा किये. इजाजत है क्या?" मला वाटतं, संपलं. तुम्ही शांतपणे म्हणता, "साहेब, आम्हाला पंच न्हाई. तुम्हीच उभे राहा." आणि ते खरंच उभे राहतात, छडी उगारून बाद देऊ लागतात. लातूरचा कप्तान माझ्या कानाशी म्हणाला, "ह्यो बाद द्यायलाय का अटक करायलाय?"

जेवणाच्या सुट्टीत मी तुम्हाला गाठलं. "दोन शब्द बोलतो, मास्तरसाहेब."

"न्हाई. आज तू बोललास तर पुढच्या शुक्रवारी इथं गुरं चरतील."

"मग गुलामच राहायचं?"

"तुझी पाळी हाय. पॅड बांध."

पुढे मी गावोगाव बोललो, तुरुंगातही बोललो. पण तुमचं ते 'न्हाई' मला अजून उलगडलेलं नाही. तुम्ही भ्यालात? आपला संघ वाचवत होतात? की एका चटईचे खिळे मिळून ठोकणारी पोरं माझ्या भाषणापेक्षा सरकारला जड जातील, असा तुमचा हिशेब होता? एक उत्तर पक्कं करावं तर दुसऱ्या दिवशी दुसरं खरं वाटतं. आता त्या मैदानावर बिलोलीची, देवणीची पोरं खेळायला येतात. त्यांना मी तुमच्याविषयी काय सांगू? एकदाच, स्वप्नात येऊन का होईना, खरं कारण सांगा.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर एक सांगून टाकतो. त्या दुपारी चेंडू चटईवरून छातीपर्यंत उसळला, मी तो सीमेबाहेर भिरकावला आणि सगळं मैदान ओरडलं. तेव्हा भाषणातला एक शब्दही मला आठवत नव्हता, आणि आठवावा असं वाटतही नव्हतं.